राजौरीपर्यंत सायकलनं

कडूबा बोडखेनं आयुष्यात कुणापुढं हात पसरला नव्हता. वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर त्याची सत्तावीस वर्षं गेली. बजाजनगरात दोन खोल्यांचं घर झालं, पोरीचं लग्न झालं, पण कामावर जाणं-येणं मात्र सायकलनंच राहिलं. बरोबरीच्यांनी मोटारसायकली घेतल्या, एकदोघांनी गाड्याही घेतल्या. त्याला कुणी टोकलं की तो म्हणायचा, आपल्याला नुसतं बसून पोचायची सवय नाय. म्हणून वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, आपण सायकलवर थेट जम्मूच्या डोंगरात राजौरीला जाणार आणि वाटेत लोकांकडं मदत मागणार असं त्यानं घरी सांगितलं, तेव्हा त्याच्या बायकोला, गीताबाईला, दोन हजार किलोमीटरचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते मागण्याचं.

या सगळ्याचं मूळ होता सुदर्शन, कडूबाचा धाकटा भाऊ. दोघांत चौदा वर्षांचं अंतर. वडील लवकर गेले, तेव्हा कडूबानंच त्याला शिकवलं, भरतीच्या मैदानावर पहाटे पळवायलाही तोच न्यायचा. सुदर्शन एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला. पुढं राजौरीकडं सरहद्दीवर गस्त घालताना पायाखाली सुरुंग फुटला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात कृत्रिम पाय बसवला, निवृत्तीवेतन सुरू झालं, आणि तो सोयगाव तालुक्यातल्या आपल्या गावी, आई साळूबाईजवळ परत आला.

पायाची सवय वर्षभरात झाली. शेताच्या बांधावरूनसुद्धा तो चालायला लागला. पण त्या भागात जमिनीखाली काळा पाषाण. उन्हाळा आला की विहिरी खोल करायला ठिकठिकाणी सुरुंग लावतात. शब्दही तोच आणि आवाजही तोच. दूर कुठं धडाका झाला की सुदर्शन असेल तिथं खाली बसायचा, अंगाला दरदरून घाम सुटायचा, तासतासभर बोलायचा नाही. मग त्यानं बाहेर जाणंच कमी केलं. आठवडी बाजार सुटला, लग्नं सुटली, पारावरचं बसणं सुटलं. साळूबाई लोकांना सांगायची, त्याला ऊन सोसत नाही. लोकही ऐकून घ्यायचे.

तपासणीसाठी कडूबा त्याला पुण्याला घेऊन जात असे. अशाच एका खेपेला सुदर्शन आत डॉक्टरकडं होता आणि कडूबा बाहेर बाकावर बसला होता. समोर फौजेतला एक हवालदार बसलेला, पायाशी पिवळसर रंगाचा कुत्रा. तेवढ्यात कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. हवालदाराचा चेहरा दगडासारखा झाला. कडूबानं तो चेहरा लगेच ओळखला, घरी पाहिलेलाच होता. पण इथं कुत्रा उठला, त्यानं मालकाच्या मांडीवर हनुवटी ठेवली आणि सगळा भार टाकून तसाच उभा राहिला. हवालदाराचा हात हळूहळू त्याच्या मानेवर गेला. पाचेक मिनिटांत माणूस परत माणसात आला आणि शेजारच्याशी पावसापाण्याचं बोलू लागला.

कुत्र्याबरोबर सुलेखाताई नावाच्या एक बाई होत्या. पुण्याजवळच्या एका संस्थेत त्या जखमी जवानांसाठी कुत्रे तयार करत. कडूबानं धीर करून विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं नीट सांगितलं. एक कुत्रा शिकवायला दोन वर्षं लागतात, जवानाकडून काही घेत नाहीत, सगळं देणग्यांवर चालतं, म्हणून यादी लांबत जाते. आणि एक गोष्ट त्यांनी आधीच स्पष्ट केली. कडूबानं कितीही मदत जमवली तरी कुत्रा यादीत ज्याचा नंबर असेल त्यालाच मिळेल. सुदर्शनचं नाव घालायचं, तर अर्ज त्यानं स्वतः करायला हवा. कडूबानं मान डोलावली. मनात मात्र त्याला वाटलं, एवढं केल्यावर बघतील की आपल्याकडं.

त्याला भाषण जमत नव्हतं, मोठी माणसं ओळखीची नव्हती. पायडल मारणं तेवढं येत होतं. कारखान्यातल्या सोबत्यांनी दर किलोमीटरमागं काहीबाही द्यायचं कबूल केलं, गियरची सायकल दिली, साठलेली रजा मंजूर झाली. राजौरीच का, असं साहेबांनी विचारलं तर म्हणाला, “माझ्या भावाचा पाय जिथं राहिला, तिथवर जातो.” शहरातल्या शहागंजातून त्यानं फलक छापून आणला. त्यावर सुदर्शनचा वर्दीतला फोटो, खाली नाव, गाव आणि जवानांच्या कुत्र्यांसाठी मदतीचं आवाहन. फलक इतका झकास झाला होता की सुदर्शनला विचारावं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

नोव्हेंबरात तो निघाला. सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, फर्दापूर असं करत दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या गावात पोचला. पोरं मागं धावली, सरपंचांनी हार घातला. साळूबाईनं पायावर पाणी घातलं. सुदर्शन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याची नजर फलकावर गेली आणि तो आत निघून गेला. लोक पांगल्यावर कडूबा त्याच्याजवळ जाऊन बसला.

“भाऊ, मला इचारलं का तू?”

“चांगल्या कामासाठीच हाय रे, सुदा.”

“त्या दिवशी माझ्या मागं सत्यम व्हता. बीडकडचा. माझा पाय गेला, तो सगळाच गेला.” सुदर्शन खाली बघत बोलत होता. “त्याची माय रोज पेपर वाचती. उद्या तिनं माझा फोटू बघायचा, अन् म्हणायचं, ह्याच्यासाठी लोक सायकली चालवू राहिले. काढ तो फोटू.”

पाय गेल्यापासूनच्या पाच वर्षांत कडूबानं सत्यमचं नाव ऐकलं नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं. पाय कसा आहे, गोळ्या घेतल्या का, एवढंच तो विचारत आला होता. त्यानं विळी घेतली, फलकाचा फोटोचा आणि नावाचा भाग कापला, आणि उरलेली पट्टी सायकलला परत बांधली. सकाळी निघताना सुदर्शन बाहेर आला नाही.

पुढचा रस्ता लांब होता. सेंधव्याच्या घाटात त्याला ढकलत चढावं लागलं, राजस्थानात समोरचा वारा दोन दिवस छातीवर बसला. गुडघ्यांनी तक्रार केली, मग तीही थांबली. फोटो नव्हता म्हणून लोक कमी थांबत. वार्ताहर विचारत, कुठला जवान? तो म्हणे, “नाव नाय सांगता येणार.” मग बातमी होत नसे. कोट्याच्या अलीकडं एका ढाब्यावर एक म्हातारा त्याला म्हणाला, माणसं उपाशी मरतात आणि तू कुत्र्यांसाठी वणवण करतोस. दोन दिवस ते बोलणं त्याच्याबरोबर सायकल चालवत राहिलं. म्हाताऱ्याचं खोटं नव्हतं. पण जे दुखणं ज्याच्या घरात बसलंय, तेच तो उचलणार, यापलीकडं त्याला काही उमगलं नाही, आणि तेवढ्यावर तो पुढं निघाला.

पंजाबात एका गुरुद्वाऱ्यात मुक्काम झाला. तिथला एक निवृत्त फौजी, डावा हात मनगटापासून नसलेला, सकाळी आपली जुनी सायकल घेऊन त्याच्याबरोबर निघाला. वीस किलोमीटर दोघं जोडीनं चालले, एकमेकांची भाषा धड येत नव्हती, म्हणून गप्पच. मग तो माणूस थांबला, कडूबाच्या पाठीवर थाप मारली आणि वळून गेला. कडूबा पुढं कुणालाही प्रवासाचं सांगताना आधी हेच सांगायचा.

सत्ताविसाव्या दिवशी तो राजौरीला पोचला. पुढं सरहद्दीकडं जायची परवानगी नव्हती. गावाबाहेर नदीच्या पुलावर सायकल लावून तो उभा राहिला आणि त्यानं गावाकडच्या घरी फोन लावला. वाटलं होतं आई उचलेल. उचलला सुदर्शननं.

“पोचला का, भाऊ?”

“व्हय. पुलावर हाय.”

मग सुदर्शननं विचारलं, पाणी किती आहे, समोरच्या डोंगरावर चीडाची झाडं दिसतात का, थंडी पडली का. कडूबा दिसेल ते सांगत गेला. “सत्यमसाठी तिथं हात जोड,” सुदर्शन म्हणाला. कडूबानं फोन खांद्याशी दाबून हात जोडले. त्यानंतर सुदर्शन बोलत राहिला. सत्यम भाकरी कशा जाड थापायचा, त्याला पोहायला येत नव्हतं तरी नदीत कसा उतरायचा, असलं काहीबाही. त्या मुलखाबद्दल सुरुंग सोडून दुसरं काही त्याच्या तोंडून निघायची ती पहिलीच वेळ होती.

जमलेल्या मदतीतून, आधीपासून शिकत असलेला एक कुत्रा पुरा तयार झाला, आणि तो साताऱ्याच्या एका जवानाकडं गेला. सुलेखाताईंनी आधीच सांगितलेलं होतं, तरी कडूबाला ते लागलं. ते लागलं म्हणून स्वतःची लाजही वाटली. हे त्यानं एकट्या गीताबाईला सांगितलं. ती म्हणाली, यादीतल्या माणसालाही कुणी भाऊ असंलच की.

सुलेखाताईंना तेव्हा दुसरीच अडचण होती. शिक्षण सुरू होण्याआधी पिल्लांना वर्षभर एखाद्या घरात ठेवावं लागतं. बाजार, एसटी स्टँड, फटाके, गर्दी, सगळ्याची सवय व्हावी लागते. अशी घरं मिळत नव्हती. कडूबानं गावी गेल्यावर जेवताना हे सहज सांगितलं. सुदर्शन घास तसाच धरून बसला. मग म्हणाला, “मला कुत्रं नको. पन पिल्लू सांभाळायला मानूस पायजे असंल, तर सांग त्यांना.”

पिल्लू आलं. रंगावरून साळूबाईनं तिचं नाव शेवंती ठेवलं. पहिला महिना सुदर्शन तिला घेऊन अंगणापलीकडं गेला नाही. मग एप्रिलात शेजारच्या विहिरीचं काम निघालं. पहिला सुरुंग उडाला तेव्हा तो कृत्रिम पाय काढून बाजेवर बसला होता. त्यानं डोळे मिटून बाजेची कड धरली. पण शेवंती किंचाळत बाजेखाली घुसली आणि तिचं रडं थांबेना. तो सरपटत खाली उतरला, तिच्याजवळ जमिनीवर आडवा झाला आणि तिच्या पाठीवर हात फिरवत सांगू लागला, “काय नाय. गेलं. काय नाय.” दुसरा उडाला, तिसरा उडाला. साळूबाईनं फोनवर कडूबाला सांगितलं, “पिल्लाला सांगत व्हता, पन ऐकत त्योच व्हता.”

एकदम सगळं पालटलं असं नाही. लग्नाच्या फटाक्यांना तो अजून दार लावून घ्यायचा. पण शेवंतीला शिकवायचं म्हणजे बाहेर पडणं आलं. मंगळवारी सोयगावच्या बाजारात, एरवी एसटी स्टँडवर, शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर, तो तिला घेऊन उभा राही. लोक कुत्रीबद्दल विचारत, त्याच्या पायाबद्दल कुणी विचारत नसे, आणि त्याला ते बरं वाटे.

वर्ष संपलं तेव्हा दोघे भाऊ तिला पोचवायला गेले. सुलेखाताईंनी पट्टा हातात घेतला आणि शेवंती शेपटी हलवत त्यांच्याबरोबर आत गेली. सुदर्शन म्हणाला, चांगली तयार झाली. परतीच्या एसटीत नगर मागं पडल्यावर तो तोंड रुमालात धरून रडला. कडूबानं खिडकीकडं बघत त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि या वेळी मात्र विचारलं, “कुणासाठी रडतो, सुदा?” सुदर्शन म्हणाला, “दोघांसाठी. सत्यमसाठीबी.”

पुढचं शिक्षण पुरं करून शेवंती आता कोल्हापूरच्या एका सुभेदाराजवळ असते. तिला पोचवून आल्यावर महिनाभरानं सुदर्शननं आपणहून फोन करून दुसरं पिल्लू मागितलं, आणि त्याच फोनवर यादीत स्वतःचं नावही घालायला सांगितलं. सुलेखाताई म्हणाल्या, अर्ज पाठवते, पण नाव सगळ्यात खाली जाईल, दोन-तीन वर्षं लागतील.

“चालंल,” तो म्हणाला. “तवर पिल्लं हायेत.”