पुरी हदीस सांग

आपांना एखादी बातमी सांगायची म्हणजे आधी साक्षीदार गोळा करावे लागत. गल्लीतल्या कुणाचं काही मी सांगू लागले की त्या चष्मा काढून ओढणीनं पुसत आणि विचारत, “तुले कोणं सांगतलं? अन् तिले कोणं सांगतलं? तिनं सोता पायलं काय?” तिसऱ्या प्रश्नाला माझी बातमी आडवी पडे. मग मी म्हणायची, “जाऊ द्या आपा, चहा टाका.”

अकोल्यात आमचं फुलांचं दुकान, मागं घर, आणि भिंतीला भिंत लागून आपांचं घर. ओसरीत त्या मोहल्ल्यातल्या मुलींना कुरआन आणि हदीस शिकवत. हदीस म्हणजे पैगंबर काय बोलले, कसे वागले, हे जवळच्यांनी पाहून सांगितलेलं आणि पुढच्यांनी एकमेकांकडून ऐकून जपलेलं. सांगणाऱ्यांची साखळी पक्की नसेल तर हदीस कच्ची. आपांचे ते प्रश्न तिथूनच आले होते, भोगायचे मात्र आम्हाला! मी एकदा विचारलं, “आपा, अल्लाचं कुरआन असल्यावर हे आणखी कायले पायजे?”

“बाप्पा, काय पोरगी हाय! कुरआनात सांगतलं, नमाज कायम करा. पण किती रकात, कसं झुकाचं, कसं बसाचं? हे पैगंबराईनं करून दाखोलं. तू गजरा गुंफाले वाचून शिकली का मायच्या हाताकडे पाहून?”

इल्मासाठी, म्हणजे ज्ञानासाठी, चीनपर्यंत जावं लागलं तरी जा, हे त्या मुलींना वर्षानुवर्षं हदीस म्हणून सांगत आल्या. म्हातारपणी कुठल्याशा आलिमांकडून, धर्माच्या जाणकारांकडून, कळलं की त्याची साखळी कच्ची आहे. झालं! सासरी गेलेल्या एकेक मुलीला त्यांनी फोन लावला. बडनेऱ्याची एकजण स्वयंपाकाच्या घाईत होती. तिला आपा सांगतायत, “बेटा, मी गलत सांगतलं होतं. शिकाचं तं हायेच, पण ते पैगंबरांच्या नावावर घालू नोको.” मी हसून हसून बेजार. आपा मात्र घामाघूम झालेल्या. आपल्या तोंडून पैगंबरांच्या नावावर खोटं जाऊ नये, याची त्यांना खरीच भीती वाटे.

मग त्यांच्या नातीचं, नौशीनचं, लग्न ठरलं. वरात अमरावतीहून येणार होती. पोरीला नर्सिंगचं शिकायचं होतं आणि मुलगा तिनं फक्त फोटोत पाहिलेला. पण बापानं, म्हणजे आपांच्या मुलानं, रशीदभाईंनी, शब्द दिला होता. फुलं आमच्याकडचीच, म्हणून मी बायकांच्या खोलीत नौशीनला गजरे बांधत होते.

निकाहाच्या आधी वकील दोन साक्षीदार घेऊन नवरीची मर्जी विचारायला येतो. इथं वकील तिचे मामू. त्यांनी विचारलं, पोरगी गप्प. पुन्हा विचारलं, गप्प. बायका म्हणाल्या, “लाजून राहिली!” मामू म्हणाले, “कुंवाऱ्या पोरीची चुप्पी म्हंजे हो. हदीसच हाय.” आणि ते वळले.

“थांब,” आपा म्हणाल्या. “हदीस खरी हाय. पुरी सांग.”

मामू गोंधळले. मग आपांनीच सांगितली. “कुंवाऱ्या पोरीले विचारल्याबिगर निकाह लावू नोका, हे पयले हाय. कोणंतरी पैगंबराईले म्हणलं, ते तं लाजते. तवा सांगतलं, तिची चुप्पी तेच तिची हो. ते लाजेच्या चुप्पीचं हाय. हे लाज हाय का? पोरीच्या हाताकडे पाह्य!”

आम्ही पाहिलं. मी बांधलेला मोगरा तिनं चुरगाळून मांडीत टाकला होता.

“बापानं मर्जीबिगर निकाह लावला म्हणून एक पोरगी पैगंबराईकडं गेली होती. त्याईनं फैसला तिच्या हाती देल्ला. तेबी हदीसच हाय.” आपांनी पुरुषांना बाहेर काढलं आणि नातीजवळ बसल्या. “आता तोंडानं बोल.”

“नाही, दादी,” एवढंच म्हणून ती त्यांच्या कुशीत शिरली.

रशीदभाई दारातून ओरडले, “अम्मी, बाहेर जेवणाच्या देगी चढल्या! मी तोंड कुठं दाखवू?”

“मेहमानाईले जेवू घाल. जेवाले निकाह लागत नाई.” मग त्यांनी नवऱ्या मुलाच्या वडलांना दाराशी बोलावलं आणि पडद्याआडून स्वतः माफी मागितली. तो माणूस सभ्य होता, मुकाट्यानं वरात घेऊन परतला. रशीदभाई मात्र तीन-चार वर्षं आईशी बोलले नाहीत. आपा त्यांचं ताट वाढून ठेवायच्या, ते न बघता जेवून उठायचे. नौशीन नर्स झाली आणि पहिली ड्युटी करून घरी आली, तेव्हा कुठे ते आईच्या पायाशी येऊन बसले.

गेल्या उन्हाळ्यात आपा गेल्या. त्याच्या थोडे दिवस आधी, दुपारी, मी त्यांच्या उशाशी बसले होते. त्या एकदम म्हणाल्या, “माह्या निकाहात मीबी अशीच चुप होती वं, शालू. चाचानं विचारलं, मी चुप. गेला निंघून.”

त्यांचा हात धरून मी म्हटलं, “तुमालेबी नाई म्हणाचं होतं, आपा?”

“हट्! मले हो म्हणाचं होतं. मले ते लय पसंद होते. चांगलं मोठ्यानं म्हणाचं ठरवून बसली होती. पण तोंड उघडाच्या आत चाचा दाराबाहेर! अन् मंग कशी सांगू? शरम वाटे. त्याईले जलमभर वाटत राह्यलं का हिनं बापाच्या धाकानं केलं.” त्यांनी चष्मा काढून ओढणीनं पुसला. “आता वर गेली का त्याईले पयले तेच सांगीन.”