धुराड्यातला बूट

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. देवापुढे दिवा लावते तो सवयीने, भूतबित मानत नाही... तरी हे लिहितेय, कारण इतकी वर्षं झाली तरी मला याचं उत्तर मिळालेलं नाही.

१९९१ चा उन्हाळा. माझ्या नवऱ्याला, शिरीषला, केंब्रिजमध्ये त्याला हवी तशी रिसर्चची नोकरी लागली आणि आम्ही लंडनमधलं हॅरो सोडून केंब्रिजपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात राहायला गेलो. गाव म्हणजे काय — एक चर्च, एक पब आणि तीनचारशे वर्षांपूर्वीची, गवती छपरांची वीसेक घरं. त्यातलंच एक आमचं. आत शिरताना शिरीषचं डोकं रोज चौकटीला आपटायचं आणि तो रोज खूश असायचा. मला मात्र करमेना. मराठी बोलायला माणूस नाही, कढीपत्त्यासाठी थेट लंडनला, वेम्बलीच्या बाजारात जायचं.

"गौरी-गणपती येईपर्यंत बघते," मी त्याला सांगून टाकलं. "तोवर हे घर माझं वाटलं नाही, तर मी केतकीला घेऊन हॅरोला परत." केतकी आमची पाच वर्षांची लेक. शिरीषचा चेहरा पडला.

फायरप्लेसच्या शेजारी भिंतीत कोनाडा होता, तिथे मी देव मांडले होते. ऑगस्टअखेर धुराडं दुरुस्त करायला केन नावाचा म्हातारा गवंडी आला. काजळीने माखलेल्या हातात त्याने मला धुराड्यात, कोनाड्याच्या वरच्या अंगाला सापडलेली एक वस्तू दाखवली. लहान मुलाचा चामडी बूट, एकच, घराइतकाच जुना.

"घर राखायला ठेवायचे पूर्वी," तो म्हणाला. "होता तिथेच ठेवतो परत."

माझ्या देवांच्या डोक्यावर पायताण? "नो, थँक यू," म्हणत मी तो बागेतल्या शेडमध्ये टाकला आणि कोनाडा तीनदा पुसून काढला.

त्या संध्याकाळी निरांजन विझलं. परत लावलं, परत विझलं. तूप भरपूर, वात नवी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही दिवशी तेच... कुठून वारा येतो का बघायला शिरीष खिडक्या बंद करून उदबत्ती धरून बसला. धूर सरळ वर. देव किचनमध्ये हलवले, तिथेही दिवा टिकेना. गौरी दोन दिवसांवर आल्या आणि मी बॅगा काढल्या. दिवा न टिकणाऱ्या घरात गौरी कशा आणायच्या? खरं सांगते, मला रडू येत होतं.

त्याच दुपारी केन शेवटच्या विटा बसवायला आला. "बूट नक्की नको?" मी त्याला आमचे देव आणि चपला हे सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण इथे आधी कोण आलं?"

मी शेडमधून बूट आणला, पुसला आणि परत धुराड्यात ठेवायला त्याच्या हातात दिला. देव किचनमध्येच राहू दिले. संध्याकाळी तिथेच निरांजन लावलं. तूप संपेपर्यंत ते शांत तेवत होतं.

गौरींच्या दिवशी केतकीने दारापासून किचनपर्यंत रांगोळीची पावलं काढली. एक पाऊल मात्र फायरप्लेसकडे गेलेलं.

"अगं, तिकडे कुठे?"

"आई, तो बेबी पण इकडेच राहते ना."

मी ते पाऊल पुसलं नाही. बॅगा परत माळ्यावर गेल्या, आणि त्या घरात मी पहिल्यांदाच पोटभर जेवले.

शिरीष अजून म्हणतो, कुठल्यातरी फटीतून ड्राफ्ट, वाऱ्याची झुळूक येत असेल. असेलही. आम्ही अजून तिथेच राहतो. दरवर्षी गौरींची पावलं काढून झाली की मी एक छोटं पाऊल फायरप्लेसकडे वळवते. एकच. दुसरा बूट काही सापडलेला नाही.