चौथ्या मजल्याचं पाणी

या विभागातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, पण एकाही अनुभवाखाली कधी प्रतिक्रिया दिली नाही. दर वेळी वाटायचं — पाइप असेल, वारा असेल, झोप झाली नसेल. माझं कामच तसं आहे, पाणी कुठून आलं ते शोधण्याचं. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे लिहिताना काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वारज्याच्या पुढे, हायवेला लागून एक आयटी पार्क आहे. त्याच्या मागच्या कोपऱ्यातला सांडपाण्याचा प्लांट मी बघते. टाकीत तपकिरी गाळ असतो आणि त्या गाळात जिवाणू. ब्लोअरने त्यांना हवा द्यायची, ते पाण्यातली घाण खातात आणि पाणी स्वच्छ होतं. म्हणजे इमारतीत माणसं आलीच नाहीत, तर गाळ उपाशी मरतो.

माझी ताई तिथेच चौथ्या मजल्यावर, सॉफ्टवेअर टेस्टिंगला होती. मी कोणाशी फारशी बोलत नाही. जेवणाच्या सुट्टीत ती खाली यायची, तेवढंच बोलणं. नाकाला ओढणी लावून टाकीपाशी उभी राहायची आणि म्हणायची, "आज दोन चहा जास्त घेतलेत. तुझी बाळं उपाशी नकोत."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पार्क पुन्हा बंद झाला. पास काढून यायचो ते मी आणि ऑपरेटर वानखेडे काका, मूळचे अकोल्याचे. गाळ जगवायला आम्ही टाकीत गुळाचं पाणी आणि शेण टाकत होतो. सगळीकडे असंच करतात. तरी तो फिका पडत चालला होता... त्याच आठवड्यात ताईला ॲडमिट केलं. आत कोणाला सोडत नव्हते. धायरीच्या घरी आई-बाबा फोनकडे बघत बसायचे, आणि मी इथे टाकीकडे.

सोमवारी सकाळी काकांनी हाक मारली. प्लांटच्या तोंडाशी जी लोखंडी जाळी आहे, तिच्यातून पाणी येत होतं.

"हे कुठून येऊन राह्यलं मॅडम?"

"गळती असेल."

मी पाइपला हात लावला. गळतीचं पाणी गार असतं, हा पाइप कोमट होता. साबणाचा वास येत होता. अकराच्या सुमारास पाणी वाढलं, जेवणानंतर पुन्हा, मग चारच्या चहाला थोडं. संध्याकाळी बंद. दुसऱ्या दिवशी तसंच. आठवडाभर तसंच. शनिवार-रविवार मात्र जाळी कोरडी.

सिक्युरिटीच्या कदमांना विचारलं, आत कोणी राहतंय का. "किल्ल्या माझ्याकडे आहेत," ते म्हणाले. "आत कोणी नाही. भुतांना वर्क फ्रॉम होम दिलं नसेल कंपनीने."

चेंबरची झाकणं एकेक करून उघडत गेलो. पाणी ताईच्या इमारतीच्या पायाशी सुरू होत होतं. तिथला पाण्याचा मीटर थांबलेला. गच्चीवरच्या टाक्या रिकाम्या, तळाला वाळलेली माती. मग कदम आणि मी जिन्याने वर गेलो, एकेक मजला बघत. चौथ्यावर सगळ्या टेबलांवर धूळ होती. ताईच्या खुर्चीवर तिचा स्वेटर तसाच — एसीसाठी ठेवलेला. वॉशरूममधलं पाणी आटून कमोडच्या भांड्यांवर पांढरी रेघ उमटली होती. मी नळ उघडला. फुस्स करून हवा आली, बाकी काही नाही.

तेवढ्यात काकांचा फोन. "मॅडम, आलं बघा. भरपूर येऊन राह्यलं."

फोन स्पीकरवर होता. कदम माझ्या आधी जिना उतरायला लागले.

लॅबचा रिपोर्ट आला. साधं सांडपाणी, माणसांचं असतं तसं. गाळ सुधारला. रंग परत आला, कुंडीतल्या मातीसारखा वास येऊ लागला. आम्ही गूळ बंद केला. मी ताईला फोनवर सगळं सांगितलं. ऑक्सिजनच्या मास्कमुळे ती एकेक शब्द तोडून बोलायची.

"हजेरी... लावतंय... कोणीतरी."

"बोलू नकोस गं, दम लागेल."

"माझीपण लाव."

त्यानंतर मी मनाशी एक खूणगाठ बांधली होती. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पाणी येतंय तोवर ती आहे. शनिवार-रविवार धरायचे नाहीत. सकाळी आधी जाळीपाशी जायचं, पाणी बघायचं, मग हॉस्पिटलला फोन लावायचा. पाणी आलेलं असायचं आणि पलीकडून उत्तर यायचं, "स्टेबल आहेत." काही दिवस हे जुळत राहिलं.

त्या दिवशीही पाणी वेळेवर आलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मला बरं वाटलं. मी अजून तिथेच उभी होते आणि बाबांचा फोन आला. मागून आईच्या रडण्याचा आवाज येत होता.

फोन कानाला धरून मी पाण्याकडे बघत राहिले. ते थांबलं नाही. काका म्हणाले, "घरी जा मॅडम. मी पाहतो." त्यांनी नंतर सांगितलं — जेवणानंतर आलं, चारलाही आलं. दुसऱ्या दिवशीही आलं.

थांबलं असतं तर निदान काहीतरी अर्थ लागला असता. तिचा निरोप म्हणता आला असता. पण त्या पाण्याचा तिच्याशी काही संबंधच नव्हता... किंवा होता, आणि त्याने काही फरक पडला नाही. गाळ जगला.

कोणाला कारण सुचत असेल तर खाली लिहा. मी उत्तर देईनच असं नाही, वाचेन मात्र. मला सुचली ती सगळी कारणं तपासून झाली आहेत.

पार्क आता भरलेला असतो. काका अकोल्याला परत गेले. ताईच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसते. पाणी येतं, आणि ते कुठून येतं हे आता कोणी विचारत नाही. अकराला मी जाळीपाशी जाऊन उभी राहते. त्या दिवसांतलं पाणी अजून त्यात आहे की नाही, ते कळायला मार्ग नाही. एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही.