एकेचाळीसचं वर्गमूळ

तापल्या लोखंडाच्या टोकाशी राळ वितळताना उग्र, गोडसर वास येतो. शरदातल्या सकाळी तो दारातल्या प्राजक्ताच्या वासात मिसळून कसा दरवळतो, हे मला बागबाजारच्या एका तळमजल्यावरच्या खोलीत कळलं. गंगेवरून येणारं ओलसर ऊन गजांमधून तिरपं होऊन टेबलावर उतरायचं, आणि त्या उन्हात वसंतराव नि नलिनीवहिनी समोरासमोर बसून, केसाएवढ्या तारा एकमेकींना डाग देऊन जोडत, आकडेमोडीचं एक यंत्र घडवत असायचे. सत्तरच्या दशकातली ती पहिली वर्षं. हल्ली वातानुकूलित सभागृहांतून देशातल्या नवउद्योगांचा इतिहास सांगणारी गुळगुळीत मंडळी भेटतात. तो इतिहास आपल्या जन्मानंतरच सुरू झाला अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. मला त्यांची कीव येते. पण त्याआधीच्या इतिहासाचा गळा ज्यांनी दाबला त्यांची मला किळस येते, आणि त्यांत मीही आहे.

वसंतरावांचं घराणं तीन पिढ्या कलकत्त्यात मुरलेलं, त्यामुळे बंगालीच्या सवयीने त्यांच्या मराठीत 'ते यंत्र'चा 'तो यंत्र' व्हायचा. कारखान्यातली कायम नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग आरंभला होता. चांदनी बाजारातून, फोर्ट विल्यममधून भंगारात निघालेल्या लष्करी बिनतारी संचांतून ते एकेक सुटा भाग हुडकून आणत. वहिनी मूळच्या नागपूरच्या. दुपारी शाळेत गणित शिकवायच्या आणि सकाळी हातात डाग द्यायची कांडी धरायच्या. वीज वारंवार जायची, मग काचेच्या नळ्यांमधले नारिंगी आकडे विझायचे आणि दोघं मुकाट्याने चहा घेत ती परत येण्याची वाट पाहायची. पुण्याहून बदलून आलेला मी एकटा माणूस, आठवड्यातून एकदा तरी तिथे जेवायला जात असे.

योगायोग असा की, अशा यंत्रांना प्रमाणपत्र द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या सरकारी समितीत मीच तांत्रिक अधिकारी होतो. ते प्रमाणपत्र नसेल तर कुठलीही कचेरी यंत्र घेणार नव्हती, आणि कचेऱ्या घेत नाहीत ते यंत्र बाजारात कुणी हुंगणारही नव्हतं. वसंतरावांचं सारं आयुष्य त्या एका कागदावर तोललेलं होतं.

आमचे अध्यक्ष पूर्वी कधीतरी दोन महिने विलायतेत राहून आले होते आणि ते दोन महिने त्यांनी उरलेल्या हयातीला पुरवले. भर उकाड्यात गळ्याला टाय आवळून बसायचे. "ही कुठल्या परदेशी यंत्राची नक्कल?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कुठल्याच नाही, असं मी सांगताच त्यांचा चेहरा पडला. "मग भरवसा कशाचा धरायचा?"

आमच्याकडे रिवाज असा होता की, चाचणीच्या वेळी यंत्र करणाऱ्याने बाहेर व्हरांड्यात बसायचं. आत काय घडलं ते गोपनीय. यंत्राला मात्र बाहेर बसवता येत नाही म्हणून ते आत, एवढाच काय तो अपवाद. वसंतराव इस्त्रीचा सदरा घालून बाकावर बसले होते. आत अध्यक्षांनी वर्गमुळांचं मंजूर कोष्टक उघडलं, डोळे मिटून एका ओळीवर बोट ठेवलं, आणि यंत्राला एकेचाळीसचं वर्गमूळ विचारलं. नळ्या उजळल्या: ६.४०३१. कोष्टकात होतं ६.४३०१.

"चूक," साहेब म्हणाले, आणि त्यांना किती समाधान वाटलं ते त्यांनी लपवलंही नाही.

मी फाइलच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने गुणाकार केला. शाळकरी पोरालाही जमेल असा. यंत्राचा आकडा बरोबर होता. छापखान्यात दोन अंकांची अदलाबदल झाली होती. "साहेब, बहुधा छपाईत..." मी सुरुवात केली.

"कोष्टक मंजूर आहे," ते शांतपणे म्हणाले. "यंत्र अजून व्हायचंय."

माझा पुण्याच्या बदलीचा अर्ज त्यांच्याच खणात होता. मी रबराने गुणाकार खोडला, वरची भुकटी फुंकली आणि सही केली.

वसंतरावांना एका ओळीचं पत्र गेलं: उत्तरांत अचूकतेचा अभाव. कुठलं उत्तर, ते अर्थातच नाही. सरकारी कागदावर श्रद्धा असलेल्या त्या भल्या माणसाने यंत्र उघडलं आणि जी चूक नव्हतीच ती शोधायला बसला. त्याने एकेक सांधा उकलला, धडधाकट भाग बदलले, नवे आणले, तेही उपटले. मी तिथे जात राहिलो. त्यांच्या पानावर बसून आमटीभात ओरपत मी तो शोध पाहत राहिलो. "भाऊजी, कुठला आकडा चुकला, एवढं तरी सांगा," वहिनी एकदा म्हणाल्या. मी म्हणालो, "गोपनीय असतं, वहिनी." आजही ते वाक्य आठवलं की तोंड कडू होतं.

बदली झाली नाहीच. दोन वर्षांनी अध्यक्ष निवृत्त झाले, आणि मग कोष्टकाचं शुद्धिपत्रक निघालं. ते मीच तयार केलं होतं, आणि या दक्षतेबद्दल कचेरीने माझी लेखी प्रशंसा केली!

शुद्धिपत्रक घेऊन मी बागबाजारला गेलो. वसंतराव तेव्हा बराकपूरच्या बाजूला एका ताग गिरणीत पंखे नि दिव्यांची देखभाल करायचे. त्यांनी कागद दोनदा वाचला, समासात स्वतः गुणाकार केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद उमटला की मला मान वर करवेना. "म्हणजे यंत्र बरोबर होता! नलू, ऐकतेस काय? आपला यंत्र बरोबर होता!" एवढं म्हणून ते आतल्या खोलीत धावले. बिस्किटांच्या डब्यांमध्ये भरून ठेवलेले सुटे भाग त्यांना लगेच बाहेर काढायचे होते.

वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. "तुम्हाला हे कधी कळलं?" त्यांनी हळू विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं, पण त्या क्षणी जमलं नाही. "त्याच दिवशी," मी म्हणालो.

आतून डबे सरकवल्याचा आवाज येत होता. वहिनींनी एकदा दाराकडे पाहिलं. "त्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी त्यांना बरं वाटतंय."

मी सांगितलं नाही. यंत्र पुन्हा काही उभं राहिलं नाही. तोवर हातात मावणारी परदेशी यंत्रं बाजारात आली होती. अध्यक्षांना मूर्ख म्हणत मी बरीच वर्षं सुखाने काढली. ते मूर्ख होतेच, पण गुणाकार त्यांनी केला नव्हता. वसंतराव मात्र येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे की, सगळ्या सरकारात आपली बाजू घेणारा हा एकच माणूस निघाला. वहिनी तेव्हा तिथेच असायच्या, आणि मला आग्रहाने आणखी भात वाढायच्या.