स्टेशनखालचं पाणी

तलासरीकडच्या पाड्यावर जिव्यासारखा विहीर खणणारा दुसरा नव्हता, आणि कोरडी विहीर नेमकी त्याच्याच दारात. तीस फूट खाली गेला, काळा दगड लागला, पाण्याचा पत्ता नाही. बायको बारकी सांगायची, "आंब्याच्या बाजूला बघ. भर वैशाखात तिथलं गवत हिरवं असतं." पण बायकोचं ऐकेल तो जिव्या कसला? हा आपला खालीच खणत राहिला, आणि लांबून हंडे वाहून तिची मान आखडली.

२०१८च्या उन्हाळ्यात तो मुंबईला मेट्रोच्या कामावर गेला. दोन मेट्रो जिथे एकमेकींना ओलांडणार, तिथलं जमिनीखालचं स्टेशन. वर एक फलाट, त्याखाली दुसरा, मध्ये जिने. बांधायची रीत मात्र उफराटी: आधी भिंती, मग छप्पर, आणि छपराखालची माती सगळ्यात शेवटी. पाड्यावर असं घर बांधलं तर सोयरे जेवण सोडून हसत बसतील, असं तो म्हणे.

खालच्या फलाटाच्या खोदाईत एका सकाळी कडेच्या दगडातून पाण्याची धार फुटली. सगळे पंपाकडे धावले. जिव्याने ओंजळ भरून जमिनीवर ओतली. पहिलं पाणी जमिनीला, मग घरच्या बाईला, ही त्याची रीत. साहेब म्हणाले, "अरे, इथे पूर्वी तळं होतं. बुजवून वस्ती केली. ते पाणी अजून वाट शोधतंय. फट बंद कर." पोटापुढे काय चालतं? जिव्याने आपल्या हाताने सिमेंट भरलं.

तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. आलेलं पाणी जो परतवतो, त्याच्या विहिरीला पाणी कसं लागणार? चौथ्या दिवशी सुट्टी न मागताच तो घरी आला आणि बारकीला सगळं सांगून मोकळा झाला.

"ते पाणी खालून आलं की बाजूनं?" तिने विचारलं.

"बाजूनं."

बारकीने नुसतं आंब्याकडे बघितलं. जिव्या मुकाट्याने पहार घेऊन विहिरीत उतरला.

दोन दिवस तो आंब्याच्या अंगाला आडवं भोक पाडत होता. तिसऱ्या दिवशी दगड ओला झाला, मग बोटाएवढी धार लागली. जिव्या खाली बसून रडला. पहिली ओंजळ जमिनीला दिली, मग लोटा भरून दोरीने वर पाठवला. बारकी अर्धा लोटा प्यायली आणि उरलेलं पाणी तिने बाटलीत भरलं.

"हे तिकडे नेऊन ओत," ती म्हणाली. "त्या पाण्याला कुणी विचारलंच नाही."

कामावर परत घेतील की नाही, देव जाणे. चारोटीच्या नाक्यावर तो मुंबईच्या गाडीसाठी दोन तास उन्हात उभा होता. घशाला कोरड पडली, पण बाटली काही त्याने उघडली नाही.