पेडलवर कोण चालतंय?

"इंजिनियर अनघा, यावर माणूस चढणार नाही. मोटर लावा," खालिद म्हणाला. खालिद आमच्या क्लायंटचा मॅनेजर. अल ऐनमध्ये जुन्या चिनी शेतीचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यातली चालती मॉडेल्स बनवायचं काम दुबईतल्या आमच्या अल कुसैसच्या वर्कशॉपकडे होतं. डिझाइन माझं.

वाद पाण्याच्या यंत्रावरून होता. आपल्या रहाटाचा हा लांबचा भाऊ. तिरक्या लाकडी पन्हळीतून फळ्यांची साखळी फिरते. वर दोघंजण आडव्या दांड्याला धरून पेडलवर चालतात आणि नदीचं पाणी फळीफळीनं शेतात चढतं. चीनमध्ये शेकडो वर्षं शेतं अशी भिजली.

मॉडेल बरोबर होतंय की नाही, हे बघायला आमच्याकडे शेनसर होते. चीनमधले रिटायर्ड शिक्षक, दुबईत मुलीकडे राहायचे. लहानपणी दुष्काळात ते आणि त्यांची मोठी बहीण असं यंत्र चालवायचे. वर्कशॉपमधल्या ट्रायलला ते आणि मी चढलो. माझा पाय चुकला आणि आम्ही दोघंही दांड्याला लोंबकळलो. माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली.

शेनसर हसले. "एक चुकला की दोघं लटकतात. म्हणून ताई गाणं म्हणायची, पावलं जुळायला."

ताई ओपनिंगला चीनहून येणार होत्या. दोघांना पुन्हा एकदा चालायचं होतं. मीही ते गृहीत धरलं होतं.

यंत्र अल ऐनला जाऊन बसलं आणि मग क्लायंटनं सेफ्टी ऑफिसर आणला. त्यानं ओला दांडा पाहिला, उंची पाहिली आणि नाही म्हटलं.

मी खालिदला विनवलं. "पब्लिकला नको. ओपनिंगआधी फक्त या दोघांना, पाच मिनिटं."

"मी विचारतो, इन्शाल्ला."

त्यानं खरंच विचारलं. दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला. "सॉरी. त्यांचं वय ऐकून तो आणखी घाबरला. खलास."

आम्ही मोटर लावली. पेडलं त्याच आसावर, त्यामुळे तीही फिरायला लागली.

ओपनिंगच्या दिवशी शेनसर बहिणीचा हात धरून आले. बाई ठेंगण्या, काठी टेकत चालणाऱ्या. दोरीपाशी थांबून त्यांनी वर चढणारं पाणी पाहिलं, मग रिकामी फिरणारी पेडलं पाहिली. भावाला चिनी भाषेत काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

शेनसर म्हणाले, "विचारतेय, वर कोण चालतंय?"

मी म्हटलं, "मोटर."

त्यांनी ते बहिणीला सांगितलं. बाईंनी मान डोलावली, माझा हात हातात घेऊन थोपटला आणि दोघं पुढच्या दालनात गेले. ताई महिनाअखेरीस चीनला परत गेल्या. शेनसरांना मी नंतरच्या एका कामासाठी बोलावलं, तर त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं.

प्रदर्शन चांगलं चाललं. यंत्र एकदाही बंद पडलं नाही. आता कुठलंही काम आलं, की सेफ्टी ऑफिसरला मी पहिल्याच मीटिंगला बोलावते. आणि तो हो म्हणेपर्यंत कोणाच्या बहिणीला तिकीट काढू देत नाही.