घोड्याने खाल्लेली सही

सनस्क्रीनचा वास आला की मला पोर्टो रिकोजवळच्या एका बेटावरचा घोडा आठवतो. वीसेक वर्षांपूर्वी, पीएचडी करताना, स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावातल्या थंडीला कंटाळून मी पाठीवर सॅक टाकून एकटीच तिथे गेले होते. त्या बेटावर घोडे आपल्याकडच्या गायींसारखे मोकाट फिरतात. दुपारी किनाऱ्यावर बसून मी पायांना सनस्क्रीन चोळत होते, तेवढ्यात एका घोड्याने उघड्या सॅकमध्ये तोंड घातलं आणि चिवड्याच्या पुड्याबरोबर माझ्या व्हिसाचा कागदही ओढून काढला. त्या कागदाशिवाय मी परत कशी जाणार? मी त्याच्यामागे धावत मराठीतच ओरडले, "मेल्या, सोड तो कागद! चिवडा घे हवा तर!" शेवटी शहाळी विकणाऱ्या एका आजींनी हसत हसत त्याच्यापुढे केळं धरलं, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. कागद मिळाला, पण खालचा कोपरा त्याच्या पोटात गेला होता. निघताना विमानतळावर अधिकाऱ्याने तो ओलसर कागद दोन बोटांत धरून विचारलं, "यावरची सही कुठाय?" "घोड्याने खाल्ली," मी रडवेल्या आवाजात म्हणाले. त्याने सुस्कारा सोडला आणि शेजारच्याला सांगितलं, "आणखी एक." माझ्याआधीचा तो बिचारा कोण असेल, असा विचार मी अजूनही करते.